कप आपल्याकडेच राहिला

सोमवार, २ सप्टेंबर
आजपासून रोजनिशी. डोक्याला शिस्त लागते म्हणतात. तीस वर्षं विमा कंपनीत लोकांची जोखीम मोजली. कोण कितव्या वर्षी जाईल, कुणाचं छप्पर वाऱ्याने उडेल, सगळं तक्त्यावरून सांगायचो. स्वतःसाठी मात्र कधी एक ओळ लिहिली नाही.

संकल्प. रोज सकाळी समुद्राकाठच्या गोल्फच्या मैदानावर निदान नऊ होल. न्याहारीला एकच सॉसेज. बेटिंग बंद. घोड्यांचं तर नावच नको. अपवाद फक्त कपाचा. युरोप विरुद्ध अमेरिका दोन वर्षांतून एकदा होतं, त्यावर पैसे लावण्याला बेटिंग म्हणत नाहीत, निष्ठा म्हणतात. त्यात कप सध्या आपल्याकडे, आणि यंदा सामने आयर्लंडमध्ये. म्हणजे आपल्या परसातच.

बायकोला, उनाला, संकल्प सांगितले. ती इस्त्री करत होती. म्हणाली, सॉसेजचं जमलं तरी पुष्कळ झालं.

मंगळवार, ३ सप्टेंबर
पाऊस. मैदानावर गेलो नाही, ओल्या गवतात गुडघा धरतो. सॉसेज दोन. तिसरं उनाने उचललं.

गुरुवार, ५ सप्टेंबर
क्लबच्या नॉकआउटमध्ये वॉटीला हरवलं. वॉटी शाळेपासूनचा दोस्त. जन्मभर मासळीच्या गोदामात काम केलं, तोंड कायम उतरलेलं. मॅचप्लेमध्ये फटक्यांची बेरीज नसते, माणसासमोर माणूस, एकेक होल जिंकायचं. शेवटच्या होलपर्यंत आमची बरोबरी होती. वॉटीचा चेंडू भोकापासून जेमतेम वीतभर. अशा वेळी समोरच्याने म्हणायचं असतं, दिला, उचल. मग तो पट, म्हणजे चेंडू भोकात ढकलायचा शेवटचा फटका, मारावा लागत नाही, गेला असं धरतात. मॅचप्लेचा आत्मा तोच. गेल्या वर्षी क्लबच्या जेवणात मी यावर भाषण केलं होतं आणि खजिनदाराची बायको रडली होती.

आज मात्र मी काही बोललो नाही. वॉटीने माझ्याकडे पाहिलं. मी समुद्राकडे पाहिलं. त्याने पट मारला आणि चुकवला.

मला त्याचा आत्मविश्वास वाढवायचा होता. बारमध्ये वॉटी सगळ्यांसमोर म्हणाला, रॅनल्ड, लेका, तू मेलेल्या माणसालाही शेवटचा पट मारायला लावशील. लोक हसले. खेळात मन मोठं ठेवावं, हे काहींना कधीच कळत नाही.

रविवार, ८ सप्टेंबर
एफीचा फोन. एफी ही उनाची थोरली बहीण, ऐन तरुणपणी न्यूझीलंडला, डनीडनला गेली ती तिकडचीच झाली. मेंढ्या पाळल्या, नवरा गेला, आणि आता पोटात गाठ. डॉक्टर म्हणतात ख्रिसमसपर्यंत आहे. उना फोनवर मोठमोठ्याने हसत होती आणि दुसऱ्या हाताने डोळे पुसत होती. एफी म्हणाली म्हणे, येताना आईसारख्या साखरेच्या वड्या आण, इथल्या बायकांच्या हाताला ती चव नाही. आणि लवकर ये बाई, कोकरं लहान आहेत तोवर बघून घे, नंतर नुसत्या मेंढ्याच उरतात.

उना तीन उन्हाळे गेस्टहाउसमध्ये अमेरिकन गोल्फवाल्यांच्या खोल्या झाडतेय. त्यांचे ओले मोजे रेडिएटरवरून उचलते, चादरी बदलते. ते पैसे वेगळ्या खात्यात टाकते. खातं दोघांच्या नावावर, ही माझीच सूचना. आता तिकिटापुरते चोवीसशे पौंड झालेत. मला तिचा अभिमान वाटतो. आज तसं म्हणायचं राहून गेलं.

बुधवार, ११ सप्टेंबर
युरोपचा संघ जाहीर. बारापैकी चार जण मी घेतले नसते. डॅनिश लाउरिट्झ होल्म मात्र पहिल्या दिवसापासून माझ्या डोक्यात होता. देखणा, हसरा, लोकांना आवडतो. मैदानावर चिमुरड्यांना चेंडू वाटत फिरतो. असा माणूस संघात हवाच.

रात्रीच्या जेवणात खिमा आणि कुस्करलेला बटाटा. जेवता जेवता मला कपाचा निकाल ओळखायची पद्धत सुचली. विम्यात आपण काय करायचो? वय, लग्न, मुलं, गुडघे, वडील कशाने गेले. तेच तक्ते खेळाडूंना लावायचे. इतकी वर्षं हे कुणाला कसं सुचलं नाही?

मंगळवार, १७ सप्टेंबर
उनाने प्रवासाच्या दुकानात सीट धरून ठेवली. दोन ऑक्टोबरचं विमान. पैसे सोमवारपर्यंत, म्हणजे तीस तारखेपर्यंत भरायचे, नाहीतर सीट दुसऱ्याला. ती आजच भरणार होती. मी म्हटलं, घाई कशाला, गेस्टहाउसची मालकीण सुट्टी देते का ते आधी बघ. विम्यात आम्ही नेहमी शेवटच्या तारखेला पैसे भरायला सांगायचो, तोवर पैसा आपल्याकडे राहतो. उनाला पटलं. पैशांच्या बाबतीत ती माझं ऐकते.

शुक्रवार, २० सप्टेंबर
मागच्या सगळ्या कपांवर पद्धत लावून पाहिली. पहिल्यांदा जुळेना. मग घटस्फोट वेगळे मोजले, तेव्हा दर वेळचा निकाल तंतोतंत आला. अंगावर काटा आला. हे मी विकू शकलो असतो.

बेटिंगच्या दुकानात नुसता भाव बघायला गेलो. काउंटरवर सेंगा. ती शाळेत माझ्या पुढच्या बाकावर बसायची आणि तेव्हापासून मला ओळखून आहे असं तिला वाटतं. म्हणाली, काय रॅनल्ड, बेटिंग सोडलंस ना? मग इथे काय हवा खायला आलास? मी म्हटलं, अभ्यास. ती म्हणाली, अभ्यास केला असतास तर तेव्हा गणितात माझी वही मागत फिरला नसतास.

तोंडाळ बाई. पण हिशोबात चोख, हे मान्य.

गुरुवार, २६ सप्टेंबर
उद्यापासून कप. शुक्रवार-शनिवारी जोड्यांच्या लढती, चार वेळा चार-चार. रविवारी बारा जण एकेकटे. एकूण अठ्ठावीस गुण.

तिकिटाच्या खात्यातून दोनशे काढले. सोमवारच्या आत परत ठेवायचे आहेत, म्हणजे ते काढले असं म्हणताच येत नाही. पैसे नुसते पडून राहण्यापेक्षा चार दिवस कामाला लागलेले बरे. जिंकून उनाला एक चांगली बॅग घ्यायची असा विचार. तिची जुनी बॅग दोरीने बांधावी लागते.

शुक्रवार, २७ सप्टेंबर, दुपार
सकाळच्या लढतीत युरोप जिंकणार म्हणून दोनशे लावले. युरोप एक, अमेरिका तीन. वाऱ्यामुळे. पद्धतीत वारा धरलेला नाही, तो आता धरला. बँकेतून सहाशे काढून दुपारच्या लढतीवर लावले. वाऱ्यासकट हिशोब आहे, आता प्रश्न नाही.

शुक्रवार, संध्याकाळ
दोन-दोन. बरोबरी. मी पैसे घ्यायला गेलो, निदान माझे सहाशे तरी. सेंगाने स्लिप परत सरकवली. म्हणाली, राजा, तू लिहिलंस युरोप जिंकणार. बरोबरी म्हणजे जिंकणं नाही. मी म्हटलं, हरलोही नाही ना? ती म्हणाली, ते चर्चमध्ये जाऊन सांग.

असो. बरोबरी ही वीज पडण्यासारखी गोष्ट. एकदा पडली, पुन्हा त्याच झाडावर पडत नाही.

उना मोजे जोडत माझ्याबरोबर टीव्ही बघत बसली होती. एक लढत चौदाव्या होलवरच संपली. दोघांनी टोप्या काढल्या, हात मिळवले आणि चालू लागले. उनाने विचारलं, अजून चार होल आहेत ना? मी समजावलं, एक जण पाच होल पुढे आणि चारच उरली, मग खेळून काय करायचं? सामना संपला. जिथे संपेल तिथे टोपी काढायची, हात मिळवायचा आणि घरी. तिने बराच वेळ हातात एक मोजा तसाच धरला होता. म्हणाली, ही पद्धत चांगली आहे रे. उगाच कुणाला फरफटवत नेत नाहीत.

खेळात तिला रस वाटू लागलाय. चौतीस वर्षांत पहिल्यांदा.

शनिवार, २८ सप्टेंबर, दुपार
सकाळच्या लढतीवर आठशे. गेले. एका गुणाने! एका स्पॅनिश पोराने शेवटच्या होलवर चेंडू पाण्यात घातला. त्याचं लग्न जुलैत झालंय, पद्धत स्पष्ट सांगत होती की नवविवाहित टाळा. मीच मन कठोर केलं नाही.

दुपारच्या लढतीवर काही लावायचं नाही ठरवलं. संयम हीच खरी कसोटी.

शनिवार, संध्याकाळ
दुपारची लढत युरोपने जिंकली. संयमाचं हे असं असतं.

आता युरोप सात, अमेरिका नऊ. खात्यात आठशे. सोळाशे बाहेर. मी बाथरूमचं दार लावून टबाच्या काठावर बसलो. टॉवेल अंगावर ओढून घेतला, थंडी होती. बॉयलर दाखवून घ्यायला हवा.

मग शांत डोक्याने विचार केला. भीती वाटते ती आकड्यांकडे नीट न पाहिल्यामुळे. कप आपल्याकडे आहे, म्हणजे बरोबरी झाली तरी तो आपल्याकडेच राहतो, नियमच तसा आहे. उद्याच्या बारा गुणांत युरोपला सात मिळाले की चौदा-चौदा आणि कप इथेच. साडेसात मिळाले की निखळ विजय. घरचं मैदान, घरचा पाऊस. पद्धत म्हणते आठ.

दुकान बंद व्हायच्या आत गेलो. उरलेले आठशे सेंगापुढे ठेवले, युरोप म्हटलं. तिने नोटांना हातच लावला नाही. म्हणाली, रॅनल्ड, जिंकणार की राखणार ते नीट सांग. कप राखणार असं लिहिलंस तर लावलेले परत आणि वर एकाला दोन मिळतील, बरोबरी झाली तरी पैसे तुझे. सामना जिंकणार लिहिलंस तर एकाला तीन, पण बरोबरीत सगळं गेलं. कालचं लक्षात आहे ना?

डोक्यात हिशोब केला. राखणारवर लावले तर बरोबर चोवीसशे हातात येतात, म्हणजे तिकीट. ना कमी ना जास्त. जिंकणारवर लावले तर बत्तीसशे. म्हणजे उना विमानात पुढच्या मोठ्या खुर्चीत बसू शकेल. तिचे पाय सुजतात. खोल्या झाडून झाडून सुजलेत. एवढा लांबचा प्रवास ती कोंबून बसून करणार आणि मी केवळ भित्रेपणाने तिला मागे बसवणार? नवरा म्हणून मला ते पटेना.

जिंकणार, मी म्हटलं.

मागे वॉटी उभा होता. त्याने दोन पौंड काढले आणि म्हणाला, मला बरोबरी दे. दर कपाला तो दोन पौंड बरोबरीवर लावतो. का तर म्हणे, जिंकायची आपल्याला सवय नाही आणि हरलेलं बघवत नाही. सेंगा त्याला म्हणाली, तुझं तोंडच बरोबरीसारखं आहे रे. दोघं हसले. मी नाही हसलो. अशा वृत्तीमुळेच हा देश मागे राहिला.

रविवार, २९ सप्टेंबर, सकाळ
एफीचा फोन आला नाही. उनाने केला तर शेजारीण बोलली. एफी झोपलीय, औषध वाढवलंय. उना म्हणाली, बुधवारी मी विमानात असेन असं तिला सांगा, उठली की लगेच सांगा.

मग ती वड्या करायला उभी राहिली. लोणी, साखर, आटवलेलं दूध, हात न थांबवता ढवळायचं. घरभर वास. मला भांडं खरवडायला दिलं. गरम होतं, जीभ पोळली. ती म्हणाली, पोळू दे, जरा गप्प बसशील. तीन वर्षांत तिला असं हलकं बोलताना ऐकलं नव्हतं. मला फार बरं वाटलं. वाटलं, सगळं सांगून टाकावं. पण संध्याकाळी आनंदाची बातमी देताना एकदमच सांगता येईल.

रविवार, संध्याकाळ
क्लबच्या बारमध्ये उभं राहायला जागा नव्हती. क्रम नीट लिहितो, कारण पुढे कुणी विचारलं तर आठवलं पाहिजे.

दिवसभर युरोपने मुसंडी मारली. पद्धतीने सांगितलं तसंच. पाचवी, सहावी, आठवी लढत आपली. अकराव्या लढतीत आयरिश पोराने लांबलचक पट घातला आणि आपले चौदा झाले, अमेरिकेचे तेरा. चौदा म्हणजे कप राखला. बार फुटल्यासारखा ओरडला. खजिनदाराने मला मिठी मारली. खजिनदाराच्या बायकोनेही. टीव्हीवर लोक मैदानात घुसले, कुणी शॅम्पेन उडवली. सगळ्यांचं सगळं झालं होतं.

माझं झालं नव्हतं. बारावी लढत चालू होती. मला अर्धा गुण हवा होता.

शेवटच्या होलवर लाउरिट्झ होल्म आणि अमेरिकेचा ड्वाइट प्रुइट बरोबरीत. होल्मचे फटके संपले. प्रुइटचा चेंडू भोकापासून चार फुटांवर, उतरता, डावीकडे वळणारा. घातला तर लढत अमेरिकेची, चौदा-चौदा. चुकला तर अर्धा-अर्धा गुण, युरोप जिंकला, उना पुढच्या खुर्चीत. प्रुइटने आज असे दोन पट चुकवले होते.  मी पडद्याला नाक लावून उभा होतो. लोक म्हणत होते, अरे बाजूला हो, आता काय बघतोस, कप आला.

होल्मने गर्दीकडे पाहिलं. त्याचे सोबती नाचत येत होते. तो हसला, प्रुइटकडे वळला आणि हाताने खूण केली. दिला. उचल.

चार फुटांचा! उतरता!

प्रुइटने चेंडू उचलला. दोघांनी टोप्या काढल्या, गळ्यात गळा घातला. चौदा-चौदा. बारमध्ये कुणाच्या लक्षातही आलं नाही. निवेदक म्हणाला, खेळाचं मोठेपण ते हेच. मी ओरडलो, मारायला लाव त्याला, मारायला लाव! आवाज एकदम शांत झाला तेव्हा मी एकटाच ओरडत होतो. वॉटी माझ्याकडे बघत होता. नंतर म्हणाला, रॅनल्ड, गेल्या वर्षी तूच भाषण केलं होतंस ना रे यावर?

वॉटीला दोन पौंडांवर चोवीस मिळाले. त्याने सगळ्यांना गरम मटण पॅटिस खाऊ घातले. माझ्या हातातही एक ठेवला. मी तो खाल्ला. काय करणार, हातात होता.

घरी आलो तर उनाने दारातच विचारलं, काय रे, जिंकलो? रस्त्यावर गाणी चालली होती. मी म्हटलं, कप आपल्याकडेच राहिला. खोटं एक अक्षर बोललो नाही. ती म्हणाली, चला, निदान एक काम झालं. आणि वड्या डब्यात भरायला गेली.

सोमवार, ३० सप्टेंबर
सकाळी उनाच्या आधी उठलो. चहा केला. योजना: बँकेतून उसने, क्लबच्या खजिनदाराकडून उसने, सेंगाला समजावून सांगणे की निकाल खेळून लागला नाही, सोडून लागला. या तिसऱ्या मुद्द्यात कायद्याच्या दृष्टीने दम आहे.

सेंगा नऊ वाजता दुकान उघडते. मी दारातच. तिने ऐकून घेतलं. म्हणाली, घरी जा रॅनल्ड. मी म्हटलं, चार फुटांचा पट आजवर कुणी सोडला आहे का? ती म्हणाली, तिकिटाचे होते ना ते? उनाच्या तिकिटाचे? तिने काउंटरवरची फळी खाली ओढली आणि दुकान तासाभरासाठी बंद केलं. गिऱ्हाइकाशी असं वागतात?

परत आलो तोवर उना प्रवासाच्या दुकानात जाऊन आली होती. कोट अजून अंगात होता. म्हणाली, कार्ड चालत नाही. त्या मुलीने तीनदा घालून पाहिलं. मागे रांग होती. मी म्हटलं, बँकेची मशीन रविवारनंतर अशीच करते. ती म्हणाली, बँकेत जाऊन आले.

मग मी सगळं सांगितलं. पद्धतीपासून सांगितलं, नाहीतर अर्धवट समजून गैरसमज झाला असता. वारा, नवविवाहित स्पॅनिश, पुढची मोठी खुर्ची, तिचे पाय. उना ऐकत होती. शेवटी एवढंच विचारलं, म्हणजे राखणारवर लावले असतेस तर आज तिकीट निघालं असतं? मी म्हटलं, साध्या खुर्चीचं. मागच्या.

तिने कोट काढला. डब्याचं झाकण नीट बसलंय का पाहिलं.  ओरडली असती तर बरं झालं असतं, मला उत्तरं तयार होती.

मंगळवार, १ ऑक्टोबर
सीट दुसऱ्याला गेली. आमची मुलगी मॉर्व्हन ॲबर्डीनला नर्स आहे, तिने रात्रपाळी करून साठवलेले दिले. पण पुढची सीट आठ तारखेची. म्हणजे फक्त सहा दिवसांचा उशीर. डॉक्टर ख्रिसमस म्हणालेत, ख्रिसमसपर्यंत पुष्कळ अवकाश आहे. मॉर्व्हन फोनवर माझ्याशी बोलायला तयार नाही. लाइन खराब असावी.

नवीन संकल्प. बेटिंग बंद. यात कपही आला.

शुक्रवार, ४ ऑक्टोबर
एफी गेली. सकाळी शेजारणीचा फोन. झोपेतच. त्याआधी दोन दिवस पूर्ण शुद्धीत होती, म्हणे. गेटचा आवाज आला की विचारायची, उना आली का. उना बुधवारी विमानात बसेल असं शेजारणीने रविवारीच सांगून ठेवलं होतं, ते परत घेण्याचं तिला धाडस झालं नाही.

डॉक्टरची चूक आहे ही. विम्यात असा अंदाज दिला असता तर नोकरी गेली असती माझी. मी उनाला तसं म्हटलं. ती स्वयंपाकघरात खुर्चीवर बसली होती, मांडीवर वड्यांचा डबा. मी म्हटलं, आता आठ तारखेचं तिकीट परत करता येईल, मॉर्व्हनचे पैसेही वाचतील. उनाने माझ्याकडे पाहिलं. चौतीस वर्षांत तिने माझ्याकडे असं पाहिलं नव्हतं. रागाने नाही. बसमध्ये समोर बसलेल्या अनोळखी माणसाकडे बघतात तसं.

मला फार वाईट वाटतंय. हे फक्त इथे लिहितो. एफी माझ्या लग्नात माझ्या पायावर नाचली होती, दोन बोटं सुजली होती.

रविवार, ६ ऑक्टोबर
उना जाणारच म्हणते. ती पोचेपर्यंत अंत्यविधी थांबवायचं एफीच्या मुलाने कबूल केलंय. मी विचारलं, परत कधी? म्हणाली, कोकरं मोठी झालेली बघेन, मग बघू.

टेबलावर तिचं तिकीट पडलं होतं. फक्त जायचं आहे. परतीचं महाग पडत असेल एकदम काढलं तर.

दिवसभर ती कपाटं आवरत होती. माझे शर्ट इस्त्री करून एका बाजूला, तिचं दुसऱ्या बाजूला. मी मदत केली. बॅगेला दोरी बांधून दिली. नवी घ्यायची राहिली.

मंगळवार, ८ ऑक्टोबर
एडिनबरा विमानतळाची बस चौकातून सुटते. बॅग मी उचलली. सोसाट्याचा वारा होता म्हणून क्लबची टोपी घट्ट बसवली होती. वाटेत सेंगाचं दुकान लागलं. ती बाहेर आली, उनाला मिठी मारली, माझ्याकडे बघितलंही नाही. वॉटी मासळीवाल्याच्या दारात उभा होता, त्याने उनासाठी टोपी उचलली.

बस आली. ड्रायव्हरने बॅग आत टाकली. वड्यांचा डबा तिने हातातच ठेवला. मी म्हटलं, पोचल्यावर फोन कर. तिने डबा काखेत धरला, उजव्या हाताचा मोजा काढला, नीट घडी करून खिशात ठेवला आणि हात पुढे केला.

मला हसू आलं. चौतीस वर्षांच्या नवऱ्याशी कुणी हात मिळवतं का? पण लोक बघत होते, मी मिळवला. तिचा हात गरम होता. तिने दोनदा घट्ट दाबला आणि सोडला. मग चढली. खिडकीपाशी नाही बसली, पलीकडच्या बाजूला बसली.

घरी येऊन चहा केला. सवयीने दोन कप. दुसरा कप सिंकमध्ये ओतताना सामन्यांच्या पहिल्या दिवसाची ती संध्याकाळ आठवली. हातात मोजा धरून ती बघत होती आणि सामना संपला की काय करायचं ते मीच समजावून सांगत होतो.

मी टोपी काढली नव्हती.